कोचाबांबातला हिंग

तीर्थस्वरूप शालूमावशीस,

हेरंबचा कोचाबांबाहून साष्टांग नमस्कार. (खरोखर घातला तर शेजारचे घेरी आली समजून तोंडावर पाणी मारतील, म्हणून कागदावरच घातला आहे.)

पत्राला उशीर झाला, आणि त्याला कारण काही नाही. म्हणजे कारणं पुष्कळ आहेत, पण तुला पटेल असं एकही नाही. गणपतीच्या सुमारास लिहायला बसलो होतो. 'तीर्थस्वरूप' एवढं झालं आणि खालून बँड गेला. इथे बँड कुठे चाललाय हे बघायला खाली उतरलं की माणूस दुसऱ्या दिवशी घरी येतो, आणि आल्यावर तो कुठे गेला होता हे त्याला सांगता येत नाही. तो कागद पुढे कोणीतरी मिरच्या बांधायला घेतला. फोन का करत नाहीस म्हणशील, तर फोनवर तू 'जेवलास का' विचारतेस, मी 'हो' म्हणतो आणि तू ठेवून देतेस. काय जेवलो आणि त्यासाठी काय काय झालं, हे सांगायला कागदच लागतो.

तुझा गुडघा कसा आहे? काकांनी तपकीर सोडली का? (सोडली नसल्यास तुला ठाऊक आहे का, असं विचारायला हवं.) देवरुखात सगळे खुशाल असतील असं धरून चालतो.

मी अजून दोन्या बासिलियाकडेच आहे. दोन्या म्हणजे आपल्या 'बाईसाहेब', फक्त इथे मनापासून म्हणतात. तिचा बाजारात सुक्या मिरच्यांचा गाळा आहे. मी पोती उचलतो, ती मला खोली देते आणि दुपारी सूप. आता या बाजाराची एक रीत तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं माझ्या मूर्खपणाच्या खात्यावर जाईल. एकदा एका बाईकडून कांदा घेतला की ती तुमची 'कासेरा' झाली. त्यानंतर कांदा तिच्याकडूनच. ती मापाच्या वर मूठभर जास्त घालते, आणि ती मूठ म्हणजे मंगळसूत्र समज. तिच्यादेखत दुसरीच्या टोपलीकडे नुसतं बघितलं तरी बाजारभर होतं. मी एकदा जिरं समोरच्या बाईकडून घेतलं, कारण दोन्या बासिलियाकडचं संपलं होतं. हे कारण मी तिला दिलं. ती म्हणाली, "संपलं होतं, तर थांबता येत नव्हतं? जिऱ्यावाचून कोणी मेलंय?" त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या सुपात बटाटा नव्हता. बटाट्याशिवाय सूप ही इथे खोली सोडण्याची नोटीस असते.

तर दोन्या बासिलियाची मुलगी निल्दा, आणि निल्दाची मुलगी आनाई. या आनाईचं रविवारी जावळ आहे. (हो, इथेही काढतात. फक्त मामाच्या मांडीवर बसवत नाहीत. मानकरी ठरवतात आणि प्रत्येक मानकरी एकेक बट कापतो.) कार्याचा भार सगळे वाटून घेतात: केक एकाचा, बँड एकाचा, बिअर एकाची, खुर्च्या एकाच्या. हे ठरत होतं तेव्हा मी तिथे बसून मक्याचं कणीस खात होतो. कोणीतरी विचारलं, आणि मी तोंडातल्या दाण्यांसकट म्हणालो, "आमच्याकडची आमटी माझी." आपण 'या एकदा जेवायला' म्हणतो ना, जे कोणी येणार नाही या भरवशावर म्हणतात, तसं मी म्हणालो होतो. पण इथे लगेच मक्याच्या दारूचा थेंब जमिनीवर सांडला, उरलेली मला पाजली, आणि झालं. धरतीला दिलेला शब्द. त्या घोटापासून दोन्या बासिलिया मला कोंपाद्रे म्हणायला लागली. हे व्याही आणि मानलेला भाऊ यांच्या मधलं काहीतरी असतं. पोरीच्या जावळात ज्याने कात्री धरली तो मरेपर्यंत घरचा. खोली त्याची, सुपातला बटाटा त्याचा. आणि शब्द मोडला तर कात्री ट्रकवाल्या तेओफिलोकडे जाणार होती. तो गेलं वर्षभर मानकरी व्हायला टपलेला आहे आणि खोलीवरही त्याचा डोळा आहे. मावशी, मी आजवर कुठल्याच गावात दुसरा उन्हाळा काढलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. इथला काढावा असं वाटतं. का ते विचारू नकोस. सूप चांगलं असतं.

म्हणून सामान शोधायला लागलो. तूरडाळ नाही, तिच्या जागी सुके वाटाणे. (हे गाव इतकं उंचावर आहे की पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळायला लागतं. वाटाणे नुसते बघत बसतात. त्यामुळे इथे गरिबातल्या गरीब घरी कुकर आहे.) गूळ आहे, वड्यांच्या आकाराचा, मक्याच्या सालीत बांधलेला, आपल्या कोल्हापुरीला लाजवणारा. हे काकांना वाचून दाखवू नकोस. चिंच सरबतवाल्या बायकांकडे असते. मला ती सरबताला नको हे ऐकल्यावर त्यांनी ती नक्की कशाला हवी याची इतकी चौकशी केली, की शेवटी मी उभ्या उभ्या सरबत पिऊन वर चिंच घेतली. हळद आहे. कोथिंबीर ढीगभर. मोहरी पक्ष्यांचा दाणा विकणाऱ्याकडे मिळाली. तो म्हणाला, "कुठला पक्षी?" मी म्हणालो, "जावळाला येणारे." त्याने मान हलवून बांधून दिली. मिरचीचा प्रश्नच नव्हता, मिरचीतच राहतो. एकदा टोमॅटो समजून चावलेली लाल वस्तूही मिरचीच निघाली होती, पण त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही.

राहिला हिंग. हिंगाशिवाय आमटी म्हणजे वाटाण्याचं पाणी, हे तूच म्हणायचीस. बाजारभर हिंडलो. शेवटी एका न्हाव्याने सांगितलं की असल्या वासाची वस्तू उताऱ्या-भानामतीच्या गल्लीत मिळते. दोन्या बासिलियाला न सांगता गेलो, कारण जिरं अजून ताजं होतं.

ती गल्ली तुला आवडणार नाही. लामा म्हणजे इथला लोकरीचा उंट, त्याची वाळवलेली पिल्लं टांगलेली, रंगीत मेणबत्त्या, धूप. तिथे दोन्या प्रिमितिवा नावाच्या म्हातारीकडे काचेच्या बरणीत हिंग होता. झाकण काढलं आणि मला एकदम तुझ्या फडताळाची आठवण झाली. डोळ्यांत पाणी आलं. (हिंगाने.) ते पाणी बघून म्हातारी हळूच म्हणाली, "कोणी केलंय, बाळा?"

मी म्हणालो, कोणी काही केलं नाही, आमटीला हवाय. ती म्हणाली, "सगळे असंच काहीतरी सांगतात." कारण हिंग इथे खात नाहीत; त्याचं नावच 'सैतानाचं शेण' आहे. ज्याने आपल्यावर काही केलंय त्याला घराबाहेर काढायला तो उंबऱ्यावर जाळतात. माणूस कळल्याशिवाय ती खडा देईना. राहतोस कुठे? दोन्या बासिलियाकडे. जेवायला कोण घालतं? दोन्या बासिलिया. पाणी कोण देतं? दोन्या बासिलिया. "अस्सं," म्हातारी म्हणाली, आणि मला मापाच्या वर एक तुकडा जास्त दिला.

परत येताना वाटेत पितळी बेडकाच्या तोंडात चकत्या टाकायचा खेळ चालला होता. मी जरा थांबलो. हरलो. जिंकेपर्यंत थांबलो. घरी पोचलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचून तिचं जेवूनसुद्धा झालं होतं. दोन्या बासिलिया दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"ये, कोंपाद्रे. मला घालवायला आणलंस ना? माझ्याच घरातून?"

"अहो, ते खायला आणलंय."

"खायला? सैतानाचं शेण?"

"आमटीत."

"म्हणजे माझ्या पाहुण्यांना घालणार होतास! सगळ्यांनाच घालवायचं होतं, एकटीला नाही!"

मागून निल्दा म्हणाली, "आई, पोरीच्या ताटात पण," आणि आनाईला उचलून आत घेऊन गेली. मावशी, खरं बोलल्याने गोष्टी सुधारतात हे तू मला लहानपणी शिकवलंस, त्याबद्दल समोरासमोर कधीतरी बोलू. मी सांगितलं, आमच्या देशात हा रोज खातात, सकाळ-संध्याकाळ. तिने कमरेवरचे हात काढले.

"रोज? मग घरात माणसं टिकतात कशी?"

"टिकतात."

"तू टिकलास?"

यावर मी फोडणी करायला घेतली.

अंगणात केली, सगळ्यांच्या देखत. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला. कोंबडी भिंतीवर चढली. शेजारणीने छातीवर क्रूस काढून खिडकी लावून घेतली. आणि जिन्यावरून ओर्तेन्सिया उतरली. ही दोन्या बासिलियाची नणंद. कार्निव्हलला म्हणून आली ती तिथेच राहिली होती, आणि सुपातले मोठे बटाटे तिच्या वाडग्यात जात. तिने डोक्यावर हॅट घातली होती, पाठीवर गाठोडं होतं. एक शब्द न बोलता ती अंगणातून सरळ फाटकाबाहेर गेली आणि कोपऱ्यावर दिसेनाशी झाली.

मी फोडणी शिजलेल्या वाटाण्यांवर ओतली.

दोन्या बासिलियाने पळी घेतली, आमटी चाखली, "मिरची कमी आहे" म्हणाली, आणि माझ्या हातातली पुडी काढून घेऊन उरलेला सगळा हिंग फाटकाच्या उंबऱ्यावर जाळला, म्हणजे गेलेलं माणूस परत येऊ नये. मग आत जाऊन माझ्यासाठी सूप आणलं. त्यात बटाटे होते, अनेकवचनी. कात्री माझीच, असं तिने निल्दाला भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. भिंतीपलीकडे तेओफिलो राहतो.

एकूण सगळं छान चाललं आहे. काळजी करू नये, काही पाठवू नये. मोठ्यांना नमस्कार, लहानांना (ओळखत असतील तर) आशीर्वाद.

तुझा,
हेरंब

ता. क. काही पाठवू नये असं वर लिहिलं ते सभ्यपणा म्हणून. हिंग पाठव. नणंदेची गोष्ट बाजारात गेल्यापासून म्हातारीची बरणी रिकामी झाली आहे. इथे नणंदा फार. रविवारी लसणीवर भागवीन, पण यांच्याकडे जावळ झालं की घराचं छप्पर, मग ट्रकची पूजा, असं चालूच राहतं.

ता. क. २. सोबत तुझ्या अक्षरात एक दाखला हवा: आमच्या घरी तीन पिढ्या हिंग खातात आणि त्याने घर सोडून कोणी गेलेलं नाही. महिला मंडळाचा शिक्का मार. शिक्का असला की इथे भाषा कोणती हे कोणी बघत नाही. (माझं नाव लिहू नये. दिनूमामाचंही नको.)

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फाटक वाजलं. ओर्तेन्सिया आली आहे. ती फक्त जावळासाठी चांगला झगा आणायला ओरुरोला, आपल्या गावी गेली होती. बसची वेळ झाली होती म्हणून बोलली नाही म्हणे. झगा आणला आहे, आणि आपल्या आईलाही घेऊन आली आहे. दोघी जळलेल्या उंबऱ्यावरून आत आल्या. येता येता त्या दिवशीची ती सुंदर वासाची आमटी उरली आहे का, असं विचारते आहे. दोन्या बासिलिया स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघते आहे. भिंतीपलीकडे तेओफिलो शीळ घालतो आहे. मावशी, तो पीठ मिसळलेला डबीतला हिंग पाठवू नकोस. खडा पाठव. जेवढा उग्र मिळेल तेवढा, आणि विमानाने.