सोमवारची जलपर्णी

ता. ४

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ख्यालीखुशाली विचारू नकोस, माझं डोकं ठिकाणावर नाही. तळ्यातली जलपर्णी उपसून तळं राखणाऱ्या आम्हा सहाजणांच्या कंबरा धरल्यात, आणि दर सोमवारी सकाळी ओढ्यातून नवा हिरवा गठ्ठा हजर! तीन महिने हेच चाललंय.

हे कोणाचं काम ते मी ताडलंय. वरच्या अंगाच्या रोपवाटिकेत कमळांच्या चार टाक्या आहेत, जलपर्णी त्यांतूनच सुटते. मालक शपथेवर नाही म्हणतात, पण असल्या शपथा मी पुष्कळ ऐकल्यात. मी पंचायतीत तक्रार ठोकली. दहा तारखेला ते माती टाकून टाक्या बुजवणार. बरं झालं.

तू त्याच ओढ्यावर, आणखी वर राहतोस. तुझ्याकडे पाणी बरं आहे ना? अंगणातला हौद साफ ठेवतोस की नुसतीच मान हलवतोस?

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी ताई

ता. ७

ती. ताईस,
शि. सा. न.

आधीच रागावू नकोस. हौद आरशासारखा आहे! शेजाऱ्यांनी जांभळ्या फुलांचं एक रोप दिलं होतं, ते हौदात भलतंच फोफावलं. जास्तीचं दर आठवड्याला काढत जा, हे तूच बजावलं होतंस. म्हणून दर रविवारी टोपलीभर काढतो. जिवंत रोप उकिरड्यावर फेकवत नाही, म्हणून मागच्या ओढ्यात सोडतो. वाहत्या पाण्यात जगेल बिचारं. आता तरी शाबासकी दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १२

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. तुझं पत्र काल, अकरा तारखेला मिळालं. टाक्या परवा बुजल्या. बिचारं रोप म्हणे! अरे, तीच जलपर्णी! तुझी टोपली रविवारी निघते आणि सोमवारी माझ्या तळ्यात पोचते. पत्र वाचून मी कपाळ बडवून घेतलं. तुला शिव्या घालाव्यात तर साफ करायला मीच सांगितलेलं. काय काढतोस, कुठे टाकतोस, हे कधी विचारलं नाही.

आज रोपवाटिकेत जाऊन सगळं कबूल केलं. मालक मातीतून कमळाचे कंद उकरत होते. चारांतल्या एकाच टाकीचे जगतील म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी इतकंच विचारलं, की तक्रार करण्याआधी एकदा आत येऊन टाक्या पाहिल्या का नाहीत. फाटकापासून दहा पावलांवर होत्या रे.

हौदातली सगळी जलपर्णी काढून फरशीवर कडकडीत वाळव, आणि फावडं घेऊन ये. त्यांच्या टाक्यांतली माती आपण दोघांनी काढायची आहे.

रागावलेय, तरी तुझीच,
ताई