झटपट उघडणारं पान

४ नोव्हेंबर
पुन्हा तेच! पान उघडायला लावलं, कपडे वाळत घालून आले, तरी पडदा कोराच. यांचं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे — आत जागा नाही म्हणे. तिथे फोन लागत नाही. कंपनी काय ते नेटवरच्या आपल्या पानावर कळवते, आणि ते माझ्या नशिबी उघडेल तर शपथ!

५ नोव्हेंबर
दिसलं एकदाचं. 'आज समुद्र शांत. सर्व खलाशी सुखरूप.' तारीख घालत नाहीत, नुसतं 'आज'. देवापुढे दिवा लावला.
सासूबाई म्हणाल्या, "दोन ओळींसाठी सकाळ घालवलीस?"

६ नोव्हेंबर
वन्सं आल्या. भावासाठी जीव तुटतो, पण बोलायचं ते तिरकंच. "अगं, नेट संथ नाही, तुझा ब्राउझर आळशी आहे. कान धरून कामाला लावते त्याला!"
आतल्या सेटिंग्जचं पान उघडताच ब्राउझरनेच बजावलं — पुढे जपून. मी हात जोडले. "देव्हारा नाही तो!" म्हणाल्या. मग एकेक आकडा बदलला. पान एका वेळी जास्त वाटांनी आणायचं. पुढचं पान न सांगता आणून ठेवायचं — हे मला फार पटलं. शहाणी सून सासऱ्यांनी मागायच्या आत तांब्या पुढे करते, तसं.
शेवटी विचारलं, "पान घरात साठवलेलं असलं, तर बाहेर नवं आलंय का ते विचारायचं? दरवेळी, की कधीच नाही?"
"कधीच नाही," मीच म्हटलं. "डब्यात डाळ असताना दुकानात कशाला जायचं?"
"चिक्कू ती चिक्कूच!" हसल्या, तेच ठेवलं नि घाईने गेल्या.

७ नोव्हेंबर
बोट लावायचा अवकाश, पान हजर! 'आज समुद्र शांत. सर्व खलाशी सुखरूप.' डोळे भरून आले. वन्संना शंभर वर्षं आयुष्य.

८ नोव्हेंबर
शांत. सुखरूप.

९ नोव्हेंबर
रोजच्या देववचनाचं पानही आता झटकन येतं. 'जो थांबला, तो माझ्यापाशी पोचला.' कालही हेच होतं. परवाही. देव एकच गोष्ट तीनदा का सांगतोय? अंगावर काटा आला. लगेच जहाजाचं पान उघडलं. शांत. सुखरूप. हुश्श!

११ नोव्हेंबर
पहाटेपासून सोसाट्याचा वारा. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली. पानावर मात्र समुद्र शांत. सासूबाई म्हणाल्या, "इथे पत्रे उडताहेत नि तिथे पान हलत नाही?"
"समुद्र काय एवढासा आहे का!" मी म्हटलं. त्या माळ ओढत बसल्या. दुपारी जेवल्या नाहीत.

१३ नोव्हेंबर
समोरच्या शिंपीणबाई जिन्यात भेटल्या. त्यांचा भाऊ यांच्याच जहाजावर आहे. डोळे सुजलेले. माझा हात घट्ट धरला. "पान बघितलंत ना वहिनी?"
"आत्ताच! सगळं ठीक आहे की."
चटका बसावा तसा हात सोडला त्यांनी. एक पायरी खाली सरल्या. मग वेड्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात — "हो हो. दोन घास खाऊन घ्या हं."
दार लावून घेतलं. पान पुन्हा उघडलं. बोट टेकायच्या आधीच आलं, असं वाटलं. जणू वाटच बघत होतं. शांत. घरही तसंच शांत — सासूबाईंचा खोकलासुद्धा ऐकू येईना. देवाचं नाव घेत बसले, ते मधेच विसरले.

१४ नोव्हेंबर
वन्सं कचेरीतून थेट आल्या, चपला पायातच. म्हणाल्या, "तिथे ते पान वेगळं दिसतंय गं." माझा पडदा पाहिला, पुन्हा वाचला. "हे पाच तारखेचं आहे. साठवलेलं. आठवडाभर हेच बघत होतीस?"
सगळे आकडे त्यांनी पूर्ववत केले. नवं पान मागायचं बटण मला दाबायला सांगितलं. दाबलं. वरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकतेय. वन्सं तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघताहेत. मी हे लिहितेय.
सावकाश येऊ दे. देवा, मला कसलीही घाई नाही.