खडूच्या टेकडीवरची खाजरी

९ ऑक्टोबर

क्लेमेंटला टेकडीवर टाकून आले. फाटकावरच्या पाटीवर साफ लिहिलंय — कुत्रे बांधून ठेवा, फुलं तोडू नका, माणसांची राख टाकू नका. पाटी माझ्या या नवऱ्यानेच रंगवलेली! बीचच्या झाडांपाशी, जिथे गवत सुरू होतं, तिथे ओतला. वारा उलटा होता. थोडा माझ्या कोटावर बसला. झटकला नाही.

१० ऑक्टोबर

कोट झटकला.

२६ मार्च

गुरुवार. टेकडीवरची झुडपं छाटायचा दिवस. आमची म्हाताऱ्यांची टोळी, मधे चहा नि केक. क्लेमेंटला ओतला त्या जागी हिरवीगार खाजरी उगवलीय, वीतभर, हात लागला की आग करणारी. बाकी साऱ्या उतारावर तिचं एक पान नाही.

२८ मार्च

वाचनालयातलं जाड पुस्तक आणलं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पण एवढं समजतं. खडूची जमीन उपाशी राहते म्हणूनच तिथे ऑर्किड टिकतं. हाडांची राख म्हणजे खत. खत मिळालं की खाजरी माजते, फुलं मरतात. तीस वर्षं जपलेल्या टेकडीचा सत्यानाश आता तोच करतोय — माझ्या हातून. रडले. मग हसू आलं. जिवंतपणी त्याने लावलेलं एक रोप जगलं नव्हतं!

२ एप्रिल

टॅम्सिन, टेकडीची देखरेख करणारी मुलगी, नकाशा घेऊन आली. ही खाजरी मुळासकट काढा म्हणाली, नाहीतर काही वर्षांत अर्धा उतार जाईल. लगेच पार्जिटर फावडं घेऊन पुढे. क्लेमेंटचे जुने सोबती. एरवी वाकायचं म्हटलं की कंबर धरतात.

"तू बस, एनिड. मी काढतो."

"नको. माझं मी बघते."

दोन तास खणलं. पिवळी मुळं, दोरीसारखी लांब. खालच्या मातीसकट बादलीत भरून घरी आणली. टेकडीवर आता त्याचं काही उरलं नाही. बादली मागच्या दाराशी ठेवली नि तिच्याशी भांडले.

१९ एप्रिल

बादलीतल्या खाजरीला कोवळे शेंडे आले. दरवर्षी खाजरीचं करते तसं त्यांचं सूप केलं; शिजली की ती खाजत नाही. पार्जिटर जेवायला होते. दुसरा वाडगा संपवला, तोंड पुसलं, म्हणाले, "क्लेमेंटला मीठ कमी पडलंय."