जूनची प्लेट

प्रिय लॉइस,

काल तुझ्यावाचूनचं पहिलं थँक्सगिव्हिंग झालं. घरात नवं माणूस आलं की तू त्याच्यासाठी टर्कीच्या चित्राची एक जुनी इंग्लिश प्लेट शोधून आणायचीस. यंदा आपल्या क्लार्कची बायको जून आली. "आईचीच दे ना तिला," असं क्लार्क म्हणाला होता. मी नाही म्हटलं. तुझी प्लेट तुझीच राहील.

म्हणून उन्हाळाभर मी जुन्या बाजारांतून हिंडलो. शेवटी एक तपकिरी टर्की मिळाली. काठावरची वेल निरखली, तर एका जागी पान अर्धंच होतं. ज्या कागदावरून नक्षी प्लेटवर उतरवतात, त्या छापाच्या कागदाची टोकं तिथे नीट जुळली नव्हती.

विकणारा म्हणाला, "काका, त्यात खोट आहे. दुसरी घ्या."

"खोट आहे म्हणूनच घेतोय," मी म्हटलं. जुनी हातछपाई अशी ओळखायची, हे तू सांगायचीस तेव्हा माझं लक्ष नाही असं तुला वाटायचं.

काल तुझ्या बहिणीने वाढण्याआधीच ती प्लेट उलटसुलट करून पाहिली. थेल्माच ती. म्हणाली, "ही लॉइसने आधीच आणून ठेवली असणार. अर्लला टर्की आणि बदक यांतला फरक तरी कळतो का?"

"नाही मावशी," जून म्हणाली, "ही बाबांनी शोधलीय. माझ्यासाठी."

थेल्माने प्लेट पुन्हा पाहिली आणि जपून जूनपुढे ठेवली.

मी आणलेली प्लेट तिला तुझी निवड वाटली, लॉइस. टर्की कापताना मी ताठ उभा होतो.

तुझाच,
अर्ल