तोंड उताराकडे

२४ नोव्हेंबर
मेली पुन्हा! पाळी आपली, पर्यटक बसलेले, संदकफूला निघायचं – आणि स्टार्टर नुसता किटकिट करतो. मागच्या नंबरची गाडी पुढे निघून गेली. अख्खा मानेभंज्यांग स्टँड हसत होता. कुणीतरी ओरडलं, "मालक गेला, आता गाडीही त्याच्यामागे निघाली!" कोण ते दिसलं असतं तर थोबाड फोडलं असतं.

गाडीवाल्यांच्या सिंडिकेटचा देवेंद्र गुरुंग म्हणे, "दिदी, दुसरी पाळी चुकली. तिसरी चुकली की लाइनीतून नाव कट. नियम मी नाही केला." हो, तू काहीच करत नाहीस, नुसता खुर्ची गरम करतोस!

रिंजिन मला काय ठेवून गेला? एक म्हातारी लँडरोव्हर आणि तिची लाइनीतली जागा. जागा गेली की ती भंगारात आणि मी रस्त्यावर.

२५ नोव्हेंबर
गाडी आता चेवांग चालवतो – रिंजिनचा धाकटा भाऊ. विचारलं, बॅटरी का उतरते? खाली बघून म्हणतो, "जुनी गाडी आहे, भाउजू. घेवा होऊ दे, मग ठणठणीत करतो."

घेवा एकोणपन्नासाव्या दिवशी. लामा येणार, रिंजिनच्या आत्म्याला वाटेला लावणार, आणि मग घरचे वाटणीला बसणार. मला कळत नाही होय? तोवर गाडी रडतखडत ठेवायची, मी कंटाळून म्हणायचं, घे बाबा तूच! आयत्या बिळावर नागोबा.

शिवाय गाडी रोज उतारावर नेऊन लावतो. तोंड खाली, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढला, घरंगळली, गिअर टाकला – झाली चालू! स्टँड सपाट, तिथे एकदा बंद केली की संपलं. इथले आळशी ड्रायव्हर सगळे असंच करतात. रिंजिन कधी नाही करायचा. म्हणायचा, उतारावर गाडीचं दुखणं कळत नाही.

आणि स्वतःच्या छातीचं दुखणं कुणाला सांगितलं नाही! कालीपोखरीच्या वर गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि सीटवर बसल्या बसल्या गेला. हँडब्रेक ओढायची शुद्ध होती, बायकोला सांगायची नव्हती.

२८ नोव्हेंबर
गाडी सुखियाला बिरखे मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट पुरतं उघडलंही नाही. "डायनामो गेलाय, नवा टाका." म्हटलं, मीटर लाव आधी. "बायकांना मीटरमधलं काय कळतंय?" मी त्याच्याच टेबलावरचा मीटर उचलला आणि लावला. इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट! डायनामो गेला असता तर चौदा कुठून आले असते, तुझ्या सासऱ्याकडून? बेल्ट घट्ट, बॅटरीची टोकं साफ. बॅटरीही तपासून घेतली – चांगली. मिस्त्री दात कोरत बसला.

म्हणजे चार्ज भरतोय पुरेपूर. उभ्या गाडीतून जातोय.

१ डिसेंबर
सासूशी भांडण. पुन्हा तेच – "तो गाडीत गेला, गाडीतच शोधत येईल. घरातला दिवा त्याला दिसायचा नाही." महिन्याभरापूर्वी तिनं सीटवर तुपाचा दिवा लावला होता, तो मी फुंकला. डिझेलच्या गाडीत उघडी ज्योत! आणि मेलेल्याची गाडी म्हणून बोभाटा झाला तर कोण बसेल तिच्यात? "आमा, गाडीत पूजाबिजा चालणार नाही," म्हटलं, "जिवंत माणसांनी खायचंय तिच्यावर." आमा रडली. रडू दे. मला रडायला वेळ मिळतो का?

२ डिसेंबर
गाडी अंगणात लावायला लावली, सपाटीवर. चेवांग म्हणे, "उद्या पाळी आहे, भाउजू, उतारावर राहू द्या." बघ कसा घाबरला! म्हटलं, इथेच. संध्याकाळी रिंजिनचा मीटर लावला – बारा पॉइंट सहा.

३ डिसेंबर
सकाळी बारा पॉइंट एक! नुसती किटकिट. रात्रीत कोणीतरी खातंय.

शेजारच्या चार बाप्यांनी ढकलली तेव्हा सुरू झाली. पाळी वाचली, अब्रू गेली.

४ डिसेंबर
चेवांग फेरी करून परत आला तेव्हा स्टँडवर सगळ्यांसमोर बोलले. "हा चोर आहे! भावाची चिता विझली नाही तोवर गाडीवर डोळा. मुद्दाम बॅटरी उतरवतो!" देवेंद्र खुर्चीतून उठला. चेवांगने चाव्या बॉनेटवर ठेवल्या आणि सुखियाच्या रस्त्याला लागला, पायी. निर्दोष माणूस बोलला नसता का?

जुडग्यात सीटखालच्या पेटीची चावी नाही.

६ डिसेंबर
आज छडा लावला. बॅटरीची एक वायर सोडली आणि मध्ये टेस्टचा बल्ब जोडला. रिंजिननेच शिकवलं होतं – गाडी बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी करंट जातोय. पेटला! मंद, पण पेटला. फ्यूज एकेक काढले. हॉर्न – पेटलेलाच. दिवे – पेटलेलाच. सगळे काढले तरी पेटलेलाच. म्हणजे फ्यूजला चुकवून कुणीतरी थेट बॅटरीवर जोडलंय. हात घालून चाचपलं. एक बारीक वायर, काळी टेप, नीट गुंडाळलेली. चेवांगचीच टेप. ती सीटखालच्या पेटीत गेलेली.

सापडला चोर! छिन्नी आणली, कुलूप फोडलं.

आत पितळी दिवली. घरातलीच, मी फुंकली होती ती. तिच्यात इंडिकेटरचा छोटा बल्ब बसवलेला, पिवळा. पेटलेला. खाली पांढरा खादा, पूजेचं रेशमी वस्त्र, अंथरलेला, बाजूला रिंजिनची लोकरीची टोपी.

आमा दारात उभी होती. म्हणाली, "हा फुंकून विझत नाही. चेवांग म्हणाला, घेव्यापर्यंतच, मग काढून टाकू. म्हणाला, दिवा नसला तर रिंजिनदाजूला अंधारात गाडी सापडायची नाही."

मी पेटीचं झाकण लावलं. मला तिचा राग आला, त्याचा आला, सगळ्यात जास्त रिंजिनचा आला. मग अंगणातच बसून रडले, मोठ्यानं.

७ डिसेंबर
परवा पाळी. चेवांगला निरोप धाडला. "ये" एवढाच, जास्त काय सांगणार? स्टँडवर जाऊन देवेंद्रसमोर माझं बोलणं परत घेतलं, सगळे ऐकत होते.

सोडलेली वायर जोडली, शेजाऱ्यांकडून ढकलून घेतली आणि गाडी मीच अंगणातून काढली. वरच्या वळणावर लावली, तोंड उताराकडे. चाकाखाली दगड ठेवला. आमा म्हणाली, "बॅटरी उतरेल गं."

उतरू दे.