टेसेलेशनला किती गुण द्यायचे

३ नोव्हें., सोम.
मंदारशी पुन्हा तोच वाद. म्हणतो, नव्या व्हिडिओत दोन्ही ग्राफिक्स कार्डांना टेसे.चे (टेसेलेशनचे) वेगळे गुण द्यायचे. मी म्हणते, काही गरज नाही. चॅनल दोघांचा. तो पेडण्याला घरी चाचण्या घेतो, पण चित्रं बघून कुठलं कार्ड बरं ते ठरवणार मी आणि बोलणारही मीच. मग गुण कशाला द्यायचे तेही मीच ठरवणार.

संहितेत लिहिलं: "टेसेलेशन म्हणजे गेममधल्या सपाट भिंतीचे किंवा रस्त्याचे कार्ड बारीक त्रिकोण पाडतं आणि ते वरखाली सरकवून खरा उठाव आणतं. एका वेळी यात एका कंपनीची कार्डं फार पुढे होती, दुसरीची धापा टाकायची. आता दोन्ही पुरेशी आहेत. नवे गेम तर उठाव वेगळ्याच रीतीने आणतात."
पुढचं वाक्य सुचेना. तीनदा खोडलं.

५ नोव्हें., बुध.
सुर्ल्याच्या वजनकाट्यावर दिवसभर खनिजाचे ट्रक. वजन घ्या, नंबर टाका, पावती द्या. नाईक सायब जवळ येऊन हळूच म्हणाले, "शिल्पा, काल तुझ्या पावत्यांत तिनाचे आठ झालेत गो." मी म्हटलं, स्क्रीनवर धूळ बसते. पुसला. धूळ खरंच बसते, डोळे सारखे चोळावे लागतात. पण चूक जिव्हारी लागली. घरी येऊन वहिनीवर उगाच खेकसले.

८ नोव्हें., शनि.
डिचोलीहून सकाळच्या बसने पेडणे. मंदारने दोन्ही कार्डं लावून ठेवलेली. खोक्यांच्या रंगावरून आम्ही एकाला लाल म्हणतो, दुसऱ्याला हिरवं. एकच गेम, एकच जागा: दगडी अंगण, वर नळ्यांचं कौलारू छप्पर. टेसे. ऑफ, मग आठ, मग चौसष्ट. आकडा वाढला की त्रिकोण वाढतात. चौसष्टवर लाल अडखळायला लागलं, हिरवं तसंच धावत होतं.
"बघ," मंदार म्हणाला, "म्हणून गुण द्यायचे."
"चौसष्टला आठपेक्षा जास्त काय दिसतं ते दाखव."
त्याने बराच वेळ बघितलं. "काही नाही. हें खरें."
मी जिंकले असं वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण म्हणून गेले, "ऑफ आणि आठमध्ये तरी काय आहे?"
तो हसला. मग हसायचा थांबला. "मस्करी करता गो?"
"नाही."
त्याने ऑफ आणि आठच्या चित्रांची नावं झाकली, ती उलटसुलट केली आणि म्हणाला, ओळख. मी ओळखली. बहुतेक चुकली. पुन्हा केलं, पुन्हा चुकली. त्याने नुसती झाकलेली नावं उघडली आणि त्याचाच मला राग आला. त्याच्या आईने सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, आमटी केली होती, जेवायला थांबले नाही. चित्रं पेनड्राइव्हवर घेऊन निघाले. बसमध्ये मन लागेना, म्हापशाला उतरून दुसऱ्या गाडीत बसले, उगाच.

९ नोव्हें., रवि.
पोदेर पावाचे उंडे देऊन गेला. दादा आंघोळीला. वहिनी चहा घेऊन आली, लॅपटॉपवर ती दोन चित्रं होती. वहिनी सावंतवाडीची, गेमचं तिला काडीचं प्रेम नाही. सहज विचारलं, दोन्ही सारखीच ना गो?
बशी हातात धरून ती म्हणाली, "ह्येतले दगड वर इलेत. त्येतले नुसते रंगवलेले."
"कुठे?"
"असा काय करतंस? सगळीकडे."
कळेना. चष्मा नाही, कधी लागला नाही. उजवा डोळा झाकला. स्क्रीनवरच्या अक्षरांना सावल्या फुटल्या, एकाखाली एक. जनेलातून समोरच्या घराकडे बघितलं, तिथेही तेच. मग डावा झाकला. बरं दिसलं, पण स्वच्छ नाही.
कधीपासून? फाँट मोठा केला तेव्हापासून? तो तर गेल्या वर्षी…
दादाला सांगितलं. "उद्या रजा टाक," म्हणाला.

१० नोव्हें., सोम.
म्हापसा, डोळ्यांच्या डॉक्टर. दादा बरोबर.
"डोळे चोळता का?"
"धुळीत काम आहे."
"किती जोरात?"
मी चोळून दाखवले. त्यांनी हात धरला. "आजपासून बंद."
बुबुळावरची काच पातळ होऊन पुढे फुगते आहे, असा त्यांना संशय. नक्की सांगायला पणजीला यंत्रावर तपासून यायचं. परत येताना दादा इकडचं तिकडचं बोलत राहिला, भाताची कापणी, हळर्णच्या मामाची गाय. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

१३ नोव्हें., गुरु.
पणजी. संशय खरा. यंत्राने माझ्या बुबुळाचा नकाशा काढला, उंच भाग लाल, सखल निळा. असे उठावाचे नकाशे मी गेमसाठी शेकड्यांनी बघितलेत. डाव्यात खाली मोठा लाल डोंगर. उजव्यात छोटासा.
"काचेवर औषध घालून विशिष्ट प्रकाश देतात. आहे तिथे थांबवायचा प्रयत्न," डॉक्टर म्हणाल्या. "गेलेलं त्याने परत येत नाही. पुढे कडक लेन्सने बरंच सुधारू शकतं. आधी डावा करू."
"आणि उजवा?"
"बघत राहू."
बघत राहू. काय शब्द आहे.

१६ नोव्हें., रवि.
मंदार डिचोलीला आला. सांगितलं. वहिनीने दिलेलं भजं तो हातात धरून बसला.
"त्या दिवशी मी हसलो," म्हणाला.
"मला काय माहीत होतं?"
मग कामाचं बोललो, ते सोपं पडलं. ठरलं ते असं: ऑफवरून आठवर जाताना चित्र सुधारतं, तेवढं दोन्ही कार्डं सहज ओढतात. चौसष्टचा आकडा कार्ड विकायला बरा, खेळायला नाही. जुने, टेसे.वर भार टाकणारे गेम खेळणाऱ्याने हिरवं घ्यावं, बाकीच्यांनी पूर्ण गेमचा वेग आणि तो कुठे घसरतो ते बघावं. वेगळे गुण नाहीत. म्हणजे माझंच खरं झालं. आनंद झाला नाही.
जाताना चप्पल घालत म्हणाला, "आतां चित्रां हांव पळयतां, तूं उलय."
म्हणजे बघणार तो, मी नुसतं बोलायचं. चांगल्या मनाने म्हणाला. मला माहीत आहे. तरी अंगावर आलं. बघणं माझं होतं. बोलायला कोणीही मिळेल.

१९ नोव्हें., बुध.
व्हिडिओ गेला. खाली कुणी लिहिलंय, "ताई, आधीच्या व्हिडिओत तर टेसे. बंद ठेवा म्हणाला होतात, काही दिसत नाही म्हणून." उत्तर टाइप केलं. पुसलं. पुन्हा केलं, "आम्ही नव्याने तपासलं." खोटं नाही. पूर्ण खरंही नाही. तसंच ठेवलं, मग काढलं. नाईक सायबांनी काट्यावरून कचेरीच्या आत बसवलंय, धूळ नको म्हणून. आत करायला काही नाही.

२३ नोव्हें., रवि.
उद्या डावा डोळा. नंतर काही दिवस स्क्रीन बंद. कपाट आवरलं, परत विस्कटलं. वहिनी म्हणाली, "बस गो खयतरी एका जागी." बसले. उठले.
दुपारी मंदारचा फोन. ज्याची कधीची वाट बघत होतो ते नवं कार्ड त्याच्याकडे पोचलंय. "उघडू, की तू येईपर्यंत ठेवू?"
"उघड," म्हटलं. "माझ्यासाठी कशाला थांबतोस?"
"खरंच?"
"खरंच."
फोन ठेवला. अंगणात जाऊन आले. मग पुन्हा लावला, थांब म्हणायला. रिंग वाजत राहिली.