तीस तारखेचं पान

प्रिय धाकटे,

आधी लेकीचं सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. मनी ठणठणीत आहे. तू प्रशिक्षणाला गेल्यापासून सहाही दिवस पट्टी पिवळी. गोळी दुधाबरोबर, मीठ बेताचं, सगळं तू कपाटावर चिकटवलेल्या यादीप्रमाणे. ‘आईने सल्ले देऊ नयेत’ असं यादीत नव्हतं, तरी पाळलं.

पण सकाळचं ते काम मी आजवर पाहिलंच नव्हतं गं. मूत्रपिंडाचं दुखणं म्हणजे सूज, सुया, दवाखाना, एवढंच माझ्या डोक्यात. सात वर्षांची पोर डोळे चोळत उठते, स्वतः लघवीचं भांडं आणते, पट्टी बुडवते आणि साठ आकडे मोजते. मी मधेच बोलले तर म्हणते, ‘आजी, गप्प! आता परत एकपासून.’ तेहतीस वर्षं गणित शिकवलं, पण मला असं कुणी गप्प केलं नव्हतं. मग डबीवरच्या रंगांशी पट्टी ताडून पाहते आणि जाहीर करते, ‘पिवळी! शाळा!’ हिरवी आली की लघवीतून प्रथिनं जाताहेत, म्हणजे दवाखाना, हे तिला सांगावं लागत नाही. मी खुळ्यासारखी बघत राहिले.

शुक्रवारी ती शाळेत गेल्यावर तुझ्या वह्या काढल्या. खोटं कशाला बोलू, चुका शोधायलाच काढल्या. लाल पेन घेऊन बसले. दर महिन्याला नवी वही, अशा एकतीस. पट्टी, वजन, गोळ्या, डोळ्यांखालची सूज. तू स्वतः तापाने फणफणली होतीस त्या दिवसाचंही पान आहे. अक्षर वाकडं, पण आहे. एका ठिकाणी लिहिलंस, ‘मनीसमोर रडले नाही.’ पेनाचं टोपण उघडायचं राहूनच गेलं. एवढी चिकाटी माझ्या पोटी आली कुठून, कळेना. आणि अशा मुलीला मी मागच्या वर्षी ‘शिकूनसवरून अडाणी’ म्हणाले.

फ्लूची लस दिली, चौथ्या दिवशी पोर सुजली, बारा दिवस दवाखाना. तेव्हा तू म्हणालीस, ‘आता एकही लस नाही.’ मी तोंड सोडलं. तेव्हापासून आपण दोघी फक्त गोळ्यांच्या वेळांबद्दल बोलतो.

त्या महिन्याची वही मी उघडली. पहिलं पान, एक तारीख: ‘लस दिली. रडली नाही.’ चार तारीख: ‘पट्टी गडद हिरवी.’ कुणीही लशीलाच दोष दिला असता. डॉक्टरांनाही तू हीच वही दाखवलीस. पण मला उत्तराआधीची कच्ची आकडेमोड पाहायची खोड. आदल्या महिन्याची वही काढली. एकोणतीस: ‘नाक वाहतंय.’ साध्या सर्दीनेही हे दुखणं उलटतं, हे तर तुझ्या यादीतच आहे. तीस, शेवटचं पान: ‘पट्टी किंचित हिरवट. उद्या पुन्हा पाहणे.’ दुसऱ्या दिवशी लशीच्या घाईत पट्टी राहिली, नवी वही सुरू झाली, आणि ते पान जुन्या गठ्ठ्यात गेलं. दुखणं लशीच्या आधीच उंबऱ्यावर येऊन उभं होतं, धाकटे. तूच ते लिहून ठेवलंस.

काल दवाखान्यातून फोन आला. परवा, गुरुवारी, यंदाच्या लशीचा दिवस आहे. नर्स म्हणाली, ‘आजीच घेऊन या की.’ एरवी मी नेलंच असतं, तुला न विचारता. या वेळी म्हटलं, ‘तिची आई ठरवेल.’ तू उद्या येशीलच. पण समोरासमोर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते. दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्यात, डॉक्टरांना शेजारी शेजारी उघडून दाखव. मग तुझा निर्णय.

एक गोष्ट उरली. त्याच जुन्या वहीत सव्वीस तारखेला लिहिलंस, ‘आजी आली. मनी तिच्या कुशीत झोपली.’ तुला मी म्हणाले होते, धुळीने शिंका येताहेत. ती धूळ नव्हती. मला दोन दिवसांपासून सर्दी होती. सांगितलं असतं तर तू दारातूनच परत पाठवलं असतंस, आणि मला पोरीला भेटायचं होतं. जगाला लशीचे धडे देणारी मी, स्वतः फ्लूची लस कधी घेतली नव्हती. मला काय होतंय, ही घमेंड. माझीच सर्दी तिला लागली का, हे सिद्ध करता येणार नाही. पण वर्षभर मी त्या सर्दीचं नाव घेतलं नाही आणि तुला अडाणी म्हणत राहिले. आज सकाळी जाऊन टोचून घेतलं. मनी सोबत होती. माझा हात धरून तिने साठ आकडे मोजले. आजच्या पानावर तिने स्वतः लिहिलंय: ‘आजीला लस दिली. रडली.’

तुझीच, चुकलेली,
आई